नळी लाल झाली

एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंचा एकही आकडा चुकला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही निरोप समारंभातलं भाषण समजून वाचाल. ते भाषणही झालं. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी केलं, आणि त्यातही हेच वाक्य होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवणाऱ्या एकेकाकडे अशा बघत होत्या की मी वाजवायची थांबले.

आमची प्रयोगशाळा लहान मुलांच्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर आहे. लांबट खोली, दोन्ही भिंतींना काळ्या दगडाचे ओटे, मध्ये चालायला जेमतेम दोन माणसांची वाट. खिडकीतून धुलाईखात्याच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात, दुसरं काही दिसत नाही. मी इथं लागले तेव्हा बाई चाळिशी ओलांडलेल्या होत्या. मागून सगळे त्यांना दशांशबाई म्हणायचे. एखाद्या डॉक्टरानं फोनवर विचारलं, “साधारण किती आलंय हो?” की त्या म्हणायच्या, “साधारण म्हणजे काय? भाजी घेताय का?” आणि फोन ठेवून दशांशचिन्हापुढं दोन आकडे असलेला लेखी अहवाल पाठवायच्या. समोर मात्र नुसतं ‘बाई’. समोर दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला दिवसभर पिपेटनं नुसतं पाणी ओढायला आणि सोडायला लावलं. संध्याकाळी प्रत्येक थेंब तोलून बघितला आणि म्हणाल्या, “पाणी चुकतंय तुझ्याकडून. रक्ताचं काय करशील?” मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. आठव्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं रक्ताच्या नळ्या ठेवलेली बर्फाची बादली सरकवली, तेव्हा मला एखादं पदक मिळाल्यासारखं वाटलं. एवढी मी तेव्हा मूर्ख होते.

काम मात्र त्यांनी मला फार छान समजावून दिलं, ते नाकारून चालणार नाही. “प्रत्येक पेशीच्या आत एक मोरी असते असं समज,” त्या म्हणाल्या. “सगळी तेलकट, खरकटी भांडी तिथं येऊन पडतात. चरबीचे काही हट्टी प्रकार असतात, स्फिंगोलिपिड म्हणतात त्यांना. मेंदूत तर भरपूर. ते फोडायला एकेक एन्झाइम नेमून दिलेलं असतं. त्यातलं एक जरी कामावर आलं नाही तरी मोरी तुंबते. धावणारं पोर पडायला लागतं, बोलणारं गप्प होतं. आपण फक्त हजेरी घ्यायची. कोण आलंय, कोण नाही.”

हजेरी घ्यायची रीत अशी. मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, फोडायच्या, त्यात एक खास बनवलेलं रसायन घालायचं आणि नळी कोमट पाण्यात ठेवायची. शेवटी खाराचे, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे, थेंब टाकायचे. एन्झाइम कामावर असेल तर नळी लाल होते. नसेल तर फिकी राहते. फिकी नळी म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. ती आली की बाई तीच चाचणी तीनदा लावायच्या, आणि तिन्ही वेळा फिकी राहिली की हातमोजे काढून थोडा वेळ खिडकीशी उभ्या राहायच्या. दगड नव्हत्या त्या. दगड असत्या तर हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं.

ही नळीची चाचणी येण्याआधी त्याच आजारासाठी लघवीची एक चाचणी होती. तान्ह्या मुलाची दिवसभराची लघवी गोळा करायची, त्यातली चरबी क्लोरोफॉर्मनं ओढून काढायची, काचेच्या पट्टीवर चढवायची आणि पट्टीवर जांभळा पट्टा उमटतो का ते बघायचं. दोन दिवस मोडायचे. खोलीभर वास, डोकं भणभणलेलं. त्यातून आया अर्धी लघवी सांडून अर्धीच आणायच्या. बाईंना त्या चाचणीचा भयंकर तिटकारा होता. तिच्यात दशांश नव्हता ना! पट्टा दिसला किंवा नाही दिसला, एवढंच. साहेबांचं म्हणणं होतं की दोन्ही चालू ठेवू. बाई महिनाभर त्यांच्या मागं लागल्या. “आकडा देणारी चाचणी हातात असताना रंगाचे डाग कशाला बघत बसायचे?” अखेर साहेबांनी मान तुकवली. ठरलं असं की एन्झाइम नॉर्मल आलं की लघवीची चाचणी करायची नाही, फाइल बंद. हा नियम मी सुवाच्य अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहिला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. काचेच्या पट्ट्या खोक्यात घालून माळ्यावर गेल्या.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. आई लवकर गेली, आणि त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान असलेली बहीण त्यांच्या पदरात पडली. तिची वेणी, तिची शाळा, तिचं लग्न, सगळं बाईंनी केलं. ती बहीण कधीकधी दुपारी प्रयोगशाळेत यायची. बाई तेवढ्या वेळात दोनदा हसायच्या, म्हणून आम्हालाही ती यावी असं वाटायचं. पुढं ती मुलीला घेऊन यायला लागली. पोरगी एका जागी म्हणून ठरायची नाही. ओट्याखालून शिरायची, स्टूल फिरवायची, सेंट्रिफ्यूज सुरू झालं की त्याच्याबरोबर स्वतःही गोल फिरायची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

दोन वर्षांची झाली आणि भिंगरी चवड्यांवर चालायला लागली. मग पडायला लागली. मग ‘मावशी’ म्हणायची ते ‘माशी’ झालं आणि तेही बंद पडलं. मेंदूचा फोटो काढला, त्यात पांढरा भाग बिघडलेला दिसला. मेंदूच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर आमच्याच चाचणीचं नाव लिहिलं.

आमच्याकडे एक शिरस्ता आहे, कुठं लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. घरच्यांचं रक्त आपण लावायचं नाही, दुसऱ्यानं लावायचं. मी नळी घ्यायला हात पुढं केला. बाई म्हणाल्या, “तू राहू दे. तुझा हात थरथरतो.” माझा हात थरथरत नव्हता, आणि नऊ वर्षांत कधी थरथरलाही नव्हता. पण त्यांनी नळी दिली नाही. दिवसभर त्या जेवल्या नाहीत. दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी खाराचे थेंब टाकले.

नळी लाल झाली.

दुसरी लाल, तिसरीही लाल. बाई तिथंच स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. मग उठून माझ्यासमोरच बहिणीला फोन केला. “नाही गं तो आजार. आपल्या रक्तात नाही. मी स्वतः बघितलंय, तीनदा बघितलंय.” पलीकडून रडणं इतकं मोठ्यानं येत होतं की मलाही ऐकू आलं. शिरस्ता मोडला म्हणून घोटाळा झाला, असं म्हणायची मला फार इच्छा आहे. पण ते खोटं ठरेल. मी लावलं असतं तरी लालच झालं असतं.

मेंदूच्या डॉक्टरांना पटलं नाही. त्यांनी दोन ओळींची चिठ्ठी पाठवली, की लक्षणं तर त्याच आजाराची दिसतात, लघवीचीही चाचणी होईल का? बाईंनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहून पाठवलं, ‘एन्झाइम नॉर्मल. गरज नाही.’

आता माझ्याबद्दल. त्या सुमाराला मी बढतीच्या परीक्षेसाठी वाचत होते. वाचता वाचता एका लेखात मला एक गोष्ट सापडली. शरीरात ही चरबी पेशीच्या पडद्यात रुतून बसलेली असते. एन्झाइम बिचारं पाण्यातलं, त्याचा हात तिथवर पोचत नाही. म्हणून एक छोटं मदतनीस प्रोटीन असतं, सॅपोसिन त्याचं नाव. ते चरबीचा रेणू पडद्यातून उचकटून काढतं आणि एन्झाइमच्या पुढ्यात आणून ठेवतं. फार थोड्या मुलांत हे मदतनीसच जन्मापासून नसतं. मग एन्झाइम धडधाकट, कामावर हजर, आणि तरीही रिकामं बसून. मोरी तुंबायची ती तुंबतेच. आणि आमची नळी? नळीत आम्ही खरी चरबी घालतच नाही. पाण्यात सहज विरघळणारं नकली खाद्य घालतो, म्हणजे घास कुस्करून थेट तोंडात भरवतो. तिथं मदतनीस लागतोच कशाला? नळी लाल होणारच. अशा मुलांचा आजार फक्त लघवीत दिसतो, असं त्या लेखात स्पष्ट लिहिलं होतं. आणि शेवटी हेही लिहिलं होतं, की अशा घरातलं पुढचं मूल लक्षणं दिसायच्या आत ओळखलं, तर दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन त्याला वाचवायची थोडी तरी आशा असते.

लेखाची प्रत घेऊन मी बाईंकडे गेले. “बाई, जरा हे बघता का? भिंगरीचं कदाचित...”

त्यांनी कागद हातातही घेतला नाही. “माझ्या भाचीवर तुझ्या परीक्षेचा अभ्यास करू नकोस,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलंय ना, नाही म्हणून? तीनदा लावलंय. तुला काय वाटतं, मला बघायचं नव्हतं?”

आमच्याबरोबर काम करणाऱ्या बाकीच्या दोघी ऐकत होत्या. मी परत आले आणि तो लेख खणात, हातमोज्यांच्या डब्याखाली ठेवून दिला. मनात म्हटलं, बघा तुमचं तुम्ही. खरं सांगायचं तर याहून वाईट म्हटलं. म्हटलं, एकदा चुकू देत या बाई. नऊ वर्षं यांचं बरोबर असणं सोसलंय, एकदा तोंडावर पडलेल्या बघायच्यात मला. भिंगरीसाठी तर काहीच करता येण्यासारखं राहिलेलं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ती समजूत टिकली.

भिंगरीच्या आजाराला नाव मिळालं नाही. जन्माच्या वेळी काहीतरी संसर्ग झाला असावा, असं काहीसं फाइलीत लिहिलं गेलं. ती हळूहळू लाकडासारखी ताठ होत गेली. बहीण तिला मांडीवर घेऊन चमच्यानं भरवायची, त्यातलं निम्मं ओघळायचं. वर्षभरानं एका दुपारी बहीण प्रयोगशाळेत आली, नेहमीच्या स्टुलावर बसली आणि बाईंना म्हणाली, “ताई, एक विचारू? आम्ही दुसऱ्याचा विचार करतोय. होऊ देऊ का? भीती वाटते गं.”

मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते. नळ्या धूत होते.

बाई म्हणाल्या, “बिनधास्त होऊ दे. तुझ्या रक्तात काही नाही. हे मी तुला लिहून देते.” आणि खरंच त्यांनी भिंगरीच्या अहवालाची प्रत काढून तिच्या हातात दिली. मी नळ्या धूत राहिले. खण माझ्या कमरेला लागत होता.

मुलगा झाला. गोल, गुटगुटीत, सगळे ढब्बू म्हणायला लागले. महिन्याचा झाला तेव्हा बहिणीच्या समाधानासाठी बाईंनी त्याचंही रक्त लावलं. लाल. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मी चहा घेतला. तो आठ महिन्यांचा असताना भिंगरी गेली. बहीण त्याला उराशी धरून बसली होती आणि येणारे जाणारे म्हणत होते, हा आहे ना, याच्याकडे बघून जग. वीस महिने ते मूल निरोगी होतं. ते वीस महिनेही त्या खणात तो लेख पडूनच होता. मी रोज सकाळी हातमोजे काढायला तो खण उघडत होते. एवढ्या वेळात कितीतरी वेळा बोलता आलं असतं. बाईंशी नाही तर साहेबांशी, साहेबांशी नाही तर सरळ मेंदूच्या डॉक्टरांशी. पण आता बोलायचं म्हणजे ‘इतके दिवस का बोलली नाहीस’ याचंही उत्तर द्यावं लागणार, आणि जितके दिवस जात होते तितकं ते उत्तर अवघड होत होतं. शिवाय ढब्बू छानच होता की. त्याला काही होणार नाही, असं मी धरून चालले होते, कारण तसं झालं तर मला काहीच करावं लागणार नव्हतं.

विसाव्या महिन्यात ढब्बू चवड्यांवर चालायला लागला.

तोवर मेंदूचे जुने डॉक्टर नोकरी सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी दोन्ही भावंडांच्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्याच दिवशी आमच्याकडे आल्या. “लघवीची चाचणी हवी,” त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, ती तर आम्ही बंद केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मग चालू करा. तुमच्या नळीला मदतनीस प्रोटीनचं काही कळत नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?” साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग त्या माळ्यावरून खोका काढायला शिडी आणायला गेल्या.

ती चाचणी येणारं आमच्यात एकच माणूस होतं. दोन दिवस बाईंनी ती आपल्या हातानं लावली. क्लोरोफॉर्मचा वास पुन्हा खोलीभर झाला. मी बाटल्या देत होते, त्या घेत होत्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांनी काचेच्या पट्टीवर फवारा मारला आणि पट्टी तापवायला ठेवली. दहा मिनिटांनी बाहेर काढली. जांभळा पट्टा बोटाएवढा जाड उमटला होता. इतक्या ठळक पट्ट्याला मोजायची गरज नव्हती. बाईंनी मोजपट्टी काढून त्याची रुंदी मोजली, वहीत दोन दशांशांपर्यंत लिहिली, आणि मग पेन हातातून सुटून ओट्याखाली गेलं. ते उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी त्यांच्या खांद्याला हात लावला नाही. मला तो हक्क उरलेला नव्हता.

दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेनं मदतनीस प्रोटीन नसल्याचं पक्कं केलं. मग बहिणीला सांगायचा दिवस आला. बाई मला म्हणाल्या, “पट्टी घेऊन चल. मला धरवणार नाही.” म्हणून मी त्या खोलीत होते.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. हाच आजार भिंगरीला होता, हाच याला आहे. लक्षणं दिसायच्या आत कळलं असतं तर अस्थिमज्जेचा प्रयत्न करता आला असता, आता उशीर झाला आहे. बहीण ऐकत होती. ढब्बू तिच्या मांडीवर टेबलावरच्या स्टेपलरकडे हात नेत होता.

“पण ताईनं रक्त बघितलं होतं,” ती म्हणाली. “दोघांचंही. तिचं कधी चुकत नाही.”

“आकडे बरोबरच होते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चाचणी अपुरी होती.”

“मग त्या दुसऱ्या चाचणीला नाही कोण म्हणालं?”

“मी म्हटलं,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांनी मागितली होती. मी नको म्हटलं.”

बहीण रडली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या काचेकडे बघितलं. “तुम्ही इतकी वर्षं हिच्याबरोबर काम करता,” ती म्हणाली. “तुम्हाला तरी माहीत होतं का हो, असं काही असतं म्हणून?”

माझं तोंड उघडलं होतं. मी काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही.

“तिला काय माहीत असणार?” बाई पटकन म्हणाल्या. “ती नवीन होती तेव्हा.”

बहीण माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी नाही म्हणून मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढं केला. ढब्बूच्या पायांच्या व्यायामासाठी त्याला दुसऱ्या विभागात पाठवायचं होतं, त्यावर आईची सही हवी होती. बहिणीला दोन्ही हात मोकळे करायला हवे होते. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि त्यांनी ढब्बूला घ्यायला हात पुढं केले. तोही सवयीनं त्यांच्याकडे झेपावला. बहिणीनं त्याला मागं ओढलं आणि माझ्याकडे वळली.

“तुम्ही धरता का जरा?” ती म्हणाली.

मी काच टेबलावर ठेवली आणि त्याला घेतलं. त्याचे पाय माझ्या पोटाला लागले. ते ताठ होते.